नाक्याच्या खिडकीवरचे चार गुरुवार

गुरुवार, डिसेंबर १९५५. ठिकाण: आळंदहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा जुना करोडगिरी नाका. हजर: मी (नर्स आणि केंद्राची प्रमुख), दानियलमामा (कंपाउंडर), रूथबाई (बिल्ले वाटणाऱ्या), शरणप्पा (मोटारीचे ड्रायव्हर). बिल्ले दिले एकतीस. औषध घेऊन गेले तीस. औषधाशिवाय परत गेला एक.

ही नोंद माझ्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. त्या परत गेलेल्या एकाबद्दलच मला लिहायचं आहे.

या अंकाच्या संपादकांनी पत्रात लिहिलं, "हल्ली मोटारीत, कचेरीत, बाजारात, जिकडे जावं तिकडे लोक अंगावर येतात. तुम्ही ख्रिस्ती मंडळी म्हणे दुसरा गाल पुढे करता. प्रत्यक्ष कामात ते कसं जमतं, लिहा." पत्र वाचून मी तीनदा टाक हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. कारण जमतं, असं मला एकेकाळी वाटत होतं. त्यासाठी माझ्याकडे नियमांची यादीसुद्धा होती.

आधी कामाची माहिती देते. आमच्या मिशनचा लहानसा दवाखाना आळंदला आहे. दर गुरुवारी आम्ही मोटार घेऊन सरहद्दीवरच्या गावांसाठी नाक्यावर जातो. निजामाच्या राज्यात या नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, घेत. करोडगिरी उठली, इमारत रिकामी पडली, आणि ती आम्हाला वापरायला मिळाली. एक लांब खोली, रस्त्याकडे तोंड करून गजांची खिडकी, खिडकीला दगडी कट्टा. समोर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दगडी खांब. त्यांच्यामध्ये पूर्वी साखळी असे. ती कुणीतरी काढून नेली होती.

रोगी सकाळी येतात, रूथबाईंकडून पत्र्याचा बिल्ला घेतात, नंबर आला की खिडकीशी येतात. मी तपासते आणि चिठ्ठी लिहिते. दानियलमामा औषध घोटून रोग्याच्याच बाटलीत भरतात आणि बाटलीला कागदाची पट्टी चिकटवतात. पट्टीला कात्रीने खाचा पाडलेल्या असतात, एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. बाटल्या नाना तऱ्हेच्या येतात. तेलाच्या, अत्तराच्या, एकदा तर शाईची आली होती, आणि निळं झालेलं औषध त्या बाईने भक्तिभावाने संपवलं.

उद्धटपणाचं म्हणाल तर त्याची आम्हाला सवय होती. आळंदचे एक कापडवाले शेटजी औषधाचा पहिला घोट तिथेच घेत आणि थुंकून म्हणत, "बाई, ह्ये औषध हाय का रॉकेल?" एका म्हातारीने दानियलमामांना सांगितलं होतं, "तुज्या मिशा आधी झाकून ठीव, माज्या बाटलीत पडायल्यात." मामा दोन दिवस जेवले नाहीत. म्हणून मी नियम केले आणि सुवाच्य अक्षरात लिहून खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवले.

आवाज चढवायचा नाही. चेहरा हसरा ठेवायचा. शिवीला उत्तर द्यायचं नाही. माणूस थांबतच नसेल तर 'बरं' म्हणून त्याला सर्वांच्या शेवटी यायला सांगायचं आणि पुढचा नंबर घ्यायचा.

पाळकसाहेबांनी हे चार नियम एका रविवारी उपदेशात वाचून दाखवले. महिला सभेने त्यांच्या प्रती करून घेतल्या. मला अभिमान वाटला, हे लपवत नाही.

नाक्याच्या त्या जागेत मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून विचित्र होती. चाळिशीच्या पुढची माणसं खिडकीशी आली की न विचारता गाठोडं कट्ट्यावर ठेवायची आणि सोडायला लागायची. ताप सांगायला आलेला माणूस आधी भाकरी दाखवायचा, मिरची दाखवायचा, धोतराचा सोगा झटकून दाखवायचा. मी म्हणायची, "अहो, हा दवाखाना आहे." तो म्हणायचा, "व्हय व्हय," आणि त्याची बोटं गाठ सोडतच राहायची. बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं की नाका उठला.

आता तो पहिला गुरुवार. दुपार होत आली होती. तुरीच्या शेतांवर वारा पडला होता, पान हलत नव्हतं. एकतिसावा नंबर आला. सत्तरीचा, ताठ, स्वच्छ मुंडासं बांधलेला म्हातारा. नाव तुळशीराम, गाव शरणप्पांच्या माहितीतलं. त्याने गाठोडं ठेवलं, सोडलं. आत भाकरी, पिठाची पुरचुंडी आणि रिकामी बाटली.

"काय होतंय, बाबा?" मी विचारलं.

त्याने मान वर केली, आणि त्याच्या तोंडून दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला. जाड, तरुण, कंटाळलेला.

"गठडी में क्या हय?"

मग त्याचाच, खालच्या पट्टीतला: "भाकर हाय, सरकार. आन् पीठ."

"झूट. खोल!"

त्या 'खोल'बरोबर मागे बाकावर औषधासाठी थांबलेल्या चार म्हाताऱ्या माणसांचे हात एकदम आपापल्या गाठोड्यांकडे गेले. कुणी हसलं नाही. कुणी एकमेकांकडे पाहिलंही नाही.

पुढे शिव्या आल्या, आई-बापावरून. त्या तो माझ्या तोंडाकडे बघत देत होता. मग मधूनच नरम आवाजात काही सांगत होता, पुन्हा शिव्या. शेवटी कट्ट्यावर दोन्ही हात टेकून तो आपल्या आवाजात म्हणाला, "सरकार, तुमच्या घरात बायामाणसं न्हाईत का?"

मी अविवाहित आहे, घरात एकटीच राहते. ते माझ्या वर्मी लागलं. पण नियम होते. मी हसरा चेहरा ठेवला आणि म्हटलं, "बरं, बाबा. तुम्ही सर्वांच्या शेवटी या."

त्याच्या मागे कुणी नव्हतं. तोच शेवटचा होता. तरी त्याने मान डोलवली, जणू हेच ऐकायला तो आला होता. गाठोडं सावकाश बांधलं, गाठ होती तशीच मारली आणि निघाला. खांबांपाशी पोचल्यावर त्याच्यामागे कुणी बाई चालायला लागलेली मला दिसली. बायको असेल, म्हटलं. मी वहीत 'परत गेला, एक' लिहिलं आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या गुरुवारी तो पुन्हा आला. तेच शब्द, त्याच क्रमाने. मी घरी येऊन आठवतील तेवढे लिहून काढले. तिसऱ्या गुरुवारी वही कट्ट्याखाली उघडी ठेवली आणि तो बोलत असताना ओळीवर पेन्सिल फिरवत गेले. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. श्वास घ्यायला तो जिथे थांबायचा, तिथेच थांबला. तुळईवरची पालसुद्धा त्याच वेळी चुकचुकली, असं रूथबाई म्हणाल्या. मी त्यांना दटावलं. दर खेपेला मी नियमाप्रमाणे हसले आणि नियमाप्रमाणे बोलले. तो गेला.

रूथबाई म्हणाल्या, "अक्का, याला काही लागलंय. प्रार्थना करा."

"प्रार्थना करू," मी म्हटलं, "पण आधी नोंदी नीट करू."

चौथ्या गुरुवारी, जानेवारीत, तो बाकावर बसून होता तेव्हा मी मागच्या दाराने मोटारीपाशी गेले. शरणप्पा टपावर पाय सोडून तंबाखू मळत बसले होते. त्यांच्या वडिलांची बैलगाडी कैक वर्षं याच नाक्यावरून जायची. मी त्यांना वही वाचून दाखवली.

"गठडी में क्या हय. भाकर हाय, सरकार, आन् पीठ. झूट, खोल. खोलतो, सरकार. चोर की औलाद, हात पीछे. व्हय, सरकार. उधर कौन खडा हय? घरचं माणूस हाय, उन्हात हाय, लई येळ झाला. खडा रहने दे. सरकार, तुमच्या घरात बायामाणसं न्हाईत का?"

शरणप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. "ह्ये माणूस तुमच्याशी बोलायलं न्हाई, अक्का. ह्ये नाकेदाराशी बोलायलंय. झडती अशीच असायची. आमचे अप्पा घरी येऊन जेवायचे न्हाईत त्या दिवशी."

"मलाही तसंच वाटायला लागलंय. दहा ओळी आहेत. पण पुढे काय? तो दहावी म्हणतो आणि माझ्याकडे बघत राहतो. अकरावी कुठेतरी आहे आणि तो ती विसरलाय."

शरणप्पांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

"इसरंल कामून? अकरावी तुम्हीच म्हणता की, अक्का, दर खेपेला. 'सर्वांच्या शेवटी या.' नाकेदाराचं बी तेच असायचं. कुणी उलट बोललं की, 'सबके बाद में आ.' मग दिवस बुडेस्तोवर बसा."

शरणप्पा खाली उतरले. "आन् बाया साखळीच्या पल्याड. गड्याची झडती झाल्याबिगर बाईनं साखळी वलांडायची न्हाई, असा कायदाच होता."

तेव्हा मी आठवी ओळ पहिल्यांदा वाचली. लिहून काढताना वाचली होती, पेन्सिल फिरवताना वाचली होती, पण चेहरा हसरा ठेवण्याच्या कष्टात ती माझ्या कानात शिरलीच नव्हती. घरचं माणूस हाय. उन्हात हाय.

मी रस्त्यावर आले. पलीकडच्या खांबाला लागून कुणी उभं होतं. डोक्यापासून घोट्यापर्यंत लुगडं ओढून घेतलेलं, तोंड दिसत नव्हतं. मागचे तीन गुरुवार हे दृश्य माझ्या खिडकीतून दिसत होतं. पहिल्या गुरुवारी बाई चालताना दिसूनही मी त्याला खांबाचाच भाग समजत होते.

मी तरातरा निघाले. मागून म्हाताऱ्याचा आवाज आला, या वेळी त्याचाच, घाबरलेला: "सरकार! साखळी! साखळी हाय!"

साखळी नव्हती हे मला पक्कं माहीत होतं. तरी दोन खांबांच्या मध्ये आल्यावर मी लुगडं वर धरलं आणि पाय उचलून पलीकडे टाकला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते आहे.

बाईने पदर बाजूला केला. वीस-बावीस वर्षांची पोर. चेहरा इतका सुजलेला की डोळ्यांच्या जागी दोन फटी. सातवा महिना असावा.

"किती वेळ उभी आहेस?"

"सकाळधरनं."

"बसली का नाहीस? आत का आली नाहीस?"

"मामा म्हणाले, हुकूम झाल्याबिगर पाय टाकू नगंस." मामा म्हणजे सासरा. "घरी लई चांगले हैत वो. तोंडातून कधी शिवी न्हाई. हितं आलं की काय होतंय त्यांना, कळंना."

तिच्या नडगीवर अंगठा दाबला. उचलला तेव्हा खळगा तसाच राहिला. तिला धरून आत आणली. पुढची परीक्षा साधी असते. लघवी काचेच्या नळीत घ्यायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर तापवायची. प्रकृती ठीक असेल तर ती पाण्यासारखी राहते. हिची उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. दानियलमामांनी नळी उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली. अशा बाईला कोणत्याही घटकेला झटके येतात. मग आई आणि मूल दोघांचंही काही सांगता येत नाही. पहिल्या गुरुवारी मी तिला पाहिलं असतं तर मीठ तोडून, अंथरुणावर पडून राहायला सांगून, औषध देऊन पुष्कळ काही हातात राहिलं असतं. आता गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्याखेरीज मार्ग नव्हता.

शरणप्पांनी मोटार दाराशी लावली. मागे गोधडी टाकून तिला निजवलं. तिने माझं मनगट धरलं.

"त्या आत्याबाईंनाबी घ्या की. एकल्याच ऱ्हायल्या."

"कोण आत्याबाई?"

"माज्यासंगं उभ्या होत्या त्या. चारी येळा. माजा दंड धरून होत्या. मी बसाया लागले की उचलायच्या. म्हणायच्या, बसू नगंस, बसलीस की उठायची न्हाईस."

मी खांबाकडे पाहिलं. भर दुपारचं ऊन होतं, खांबाची सावली अगदी पायाशी आली होती. तिथे कुणी नव्हतं. सूज मेंदूवर चढली की भास होतात, हे मला पुस्तकातून ठाऊक आहे, आणि तेच मी तिथे स्वतःला सांगितलं.

रूथबाई वही घेऊन म्हाताऱ्याजवळ उभ्या होत्या. सुनेचं नाव गंगू, एवढं त्यांनी लिहून घेतलं होतं. म्हातारा हलत नव्हता.

"दुसरीचं बी लिवा," तो म्हणाला.

"दुसरी कोण, बाबा?"

"तिचीच सासू. माजी घरवाली. सोनाबाई." त्याने खांबाकडे बोट केलं नाही, नुसतं तिकडे तोंड केलं. "आठवा सरत आलता तिचा. आळंदला वैदूकडं न्यायलो होतो. लई येळ ठिवलं नाकेदारानं. मी उलट बोललो. कामून बोललो, देवाला ठाव. त्यो म्हनाला, सबके बाद में. मी शेवटी उभा ऱ्हायलो. माजा लंबर आला तवर ती खाली बसलेली."

त्यानंतर त्याच्याकडे वाढवायला सोनाबाईचा एक लहान मुलगाच तेवढा राहिला होता, तोच गंगूचा नवरा, हे आम्हाला पुढे कळलं. त्या वेळी त्याने एवढंच विचारलं, "ही वाचंल का?"

मी खरं ते सांगितलं. "माहीत नाही, बाबा. उशीर झालाय. उशीर माझ्यामुळे झालाय."

त्यावर तो मला बोलेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. त्या दिवशी मी कोणताही नियम न लावता त्या ऐकून घेतल्या असत्या. त्याने फक्त गाठोडं उचललं, मोटारीत चढला आणि सुनेच्या उशाशी बसला.

गंगू वाचली. मूल गेलं, मुलगी होती. गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंनी मला एवढंच विचारलं, "आधी कुणी पाहिलं नव्हतं का?" मी म्हटलं, "मी पाहिलं होतं. चार वेळा."

संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर ते असं आहे. गाल पुढे करायचा म्हणजे तोंड समोर ठेवायचं. समोरचा काय बोलतो आहे हे दिसेल आणि ऐकू येईल इतकं जवळ राहायचं. मी तोंड हसरं करून आतून खिडकी लावून घेत होते, आणि त्यालाच सौम्यपणा म्हणत होते. नाकेदार ओरडून जे करायचा ते मी गोड बोलून केलं. प्रभूला शिव्या देणारे पुष्कळ भेटले, पण त्याने कुणाला रांगेच्या शेवटी उभं केल्याचं माझ्या वाचनात नाही. मी यादी काढून टाकली. महिला सभेने करून घेतलेल्या प्रतीही परत मागितल्या आहेत. सात आल्या, दोन यायच्या आहेत.

हल्ली शेटजी औषध थुंकले की मी विचारते, "रॉकेल तर रॉकेल, पण तुम्हाला झोप लागते का, शेटजी?" एकदा ते त्यावर रडले. त्यांची हकीकत वेगळी आहे, इथे जागा नाही.

तुळशीरामबाबा अजून येतात. आता एक शब्द बोलत नाहीत. गंगू बरोबर असते, ती आत बाकावर बसते. बाबा रूथबाईंकडून दोन बिल्ले घेतात. एक गंगूला देतात. दुसरा मुठीत धरून बसतात आणि सगळे गेले की माझ्यापुढे कट्ट्यावर ठेवतात.

"हिला बोलवा," म्हणतात, खांबाकडे तोंड करून.

आमच्याकडे माणूस जागेवर नसला तर नर्सने दारात जाऊन त्याचं नाव घेऊन तीनदा हाक मारायची, असा रिवाज आहे. बाबांना तेवढंच हवं आहे. पाळकसाहेब म्हणतात, असं केल्याने भोळ्या समजुती वाढतील. रूथबाई म्हणतात, "हाकच मारायची आहे, अक्का. बाकी काम प्रभूचं आहे." दानियलमामा काही म्हणत नाहीत, पण गुरुवारी सर्वांत आधी मोटारीत जाऊन बसतात. मी एकदा दारापर्यंत गेले. पलीकडच्या खांबापाशी ऊन पडलं होतं. तोंड उघडलं आणि मला भीती वाटली. कुणी येणार नाही याची वाटली की येईल याची, ते मला नक्की सांगता येत नाही. मी बिल्ला परत दिला आणि म्हटलं, "पुढच्या खेपेला, बाबा." घरी गेल्यावर आपण काय बोललो ते माझ्या लक्षात आलं.

आता राज्याची वाटणी होते आहे. आळंद म्हैसूर राज्यात जाईल. नाक्याची इमारत नव्या सरकारला द्यायची आहे, म्हणून सामानाची यादी मी केली आहे: कपाट एक, बाकं चार, स्पिरिटचा दिवा एक, बिल्ले पन्नास. त्यातले एकोणपन्नास माझ्याजवळ आहेत. नाक्यावरचा एकच गुरुवार उरला आहे. वहीत गंगूच्या खालच्या ओळीवर सोनाबाईंचं नाव रूथबाईंच्या अक्षरात आहे. तक्रारीचा रकाना कोरा आहे, औषधाचा कोरा आहे. हाक मारायची राहिली आहे.